साडेएक्क्याऐंशी मीटर

गावात त्याला सगळे मापाडी म्हणत. नोकरीच होती त्याची वजनमापांच्या कचेरीत. दुकानादुकानांतून जायचं, रिकाम्या पारड्यांचा काटा मधोमध उभा राहतो का ते बघायचं, दुकानदाराची वजनं आपल्याजवळच्या पितळी वजनांशी ताडून पाहायची आणि सगळं ठीक असेल तरच शिक्का मारायचा. छत्तीस वर्षं त्यानं हे काम केलं आणि कुणाच्या चहालाही तो मिंधा राहिला नाही. लोक म्हणत, हा सासऱ्याच्या तराजूतही खोट काढील. एकदा त्यानं ती काढलीही होती, कारण सासऱ्याचं किराणा मालाचं दुकान होतं. त्यानंतर दोन वर्षं सासुरवाडीला त्याच्यापुढे येणारा चहा थंडगार असायचा.

पण ते नाव खरं पडलं होतं टेकडीवर. गावाबाहेर एक उंच टेकडी होती, तिच्या माथ्यावर लाकडी मनोरा होता आणि त्या मनोऱ्यावरून हिवाळ्यात स्कीच्या उड्या मारल्या जात. माणूस वरून घसरत यायचा, घसरणीच्या टोकाशी आला की स्वतःला हवेत झोकून द्यायचा आणि खालच्या बर्फाच्या उतारावर जाऊन उतरायचा. आता कॅमेरे आले, पण त्या काळी उडी किती लांब गेली हे माणसं नुसत्या डोळ्यांनी सांगत. उताराच्या कडेनं मीटर-मीटरवर पाट्या रोवलेल्या असत आणि पाट्यांपाशी मापक उभे असत. पाय टेकले की ज्याच्या हद्दीत टेकले त्यानं हात वर करून आकडा ओरडायचा. दोन पायांच्या मधली जागा धरायची, अर्ध्या मीटरपर्यंत अचूक. उडी मारणारा ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगानं समोरून जातो, पापणी लवली तर गेलंच. मापाड्याची पापणी लवत नसे. पंचविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उभा राहिला आणि पुढं तीस वर्षांत अकरा देशांच्या उतारांवर उभा राहून आला. त्याच्या आकड्यावर कधी कुणी तक्रार केली नाही.

एकोणसत्तराव्या वर्षी, निवृत्तीनंतर, गावच्या ग्रंथपालबाई त्याच्याकडे आल्या. टेकडीवरच्या स्पर्धेला साठ वर्षं होत होती म्हणून नगरपालिकेनं एक जाडजूड पुस्तक काढायचं ठरवलं होतं. हिवाळी स्पर्धांचा सगळा इतिहास त्यात यायचा होता, आणि त्यात आपल्या टेकडीचा वाटा किती तेही. उड्या मोजण्याचं प्रकरण मापाड्यानं लिहावं अशी बाईंची विनंती होती. तो वरवर नाही-नाही म्हणाला, पण आतून सुखावला. दोन महिने खपून त्यानं चाळीस पानं लिहिली.

लिहिलं चांगलंच. पहिल्या हिवाळी ऑलिंपिकात, एकोणीसशे चोवीस साली, उड्यांच्या गुणांची बेरीज चुकली होती. ती चूक पन्नास वर्षांनी ध्यानात आली आणि तिसऱ्या क्रमांकाचं पदक खऱ्या माणसाच्या हाती पडलं तेव्हा त्याची ऐंशी उलटून गेली होती. ज्याला ते चुकून मिळालं होतं तो केव्हाच वारला होता, त्याच्या मुलीनं ते स्वतःच्या हातानं नेऊन दिलं. ही हकीगत मापाड्यानं रंगवून सांगितली होती. स्की इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकवून उडणारा एक पोरगा आला तेव्हा पंचांनी त्याचे गुण कापले आणि काही वर्षांतच सगळं जग तसंच उडायला लागलं, हेही लिहिलं. शेवटी त्यानं लिहिलं की नियम माणसं करतात, त्यामुळे ते चुकतात, पण माप चुकता कामा नये.

बाई पानं न्यायला आल्या तेव्हा त्यांनी शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि छान आहे म्हणाल्या. मग पिशवीतून एक पत्र काढलं. जुन्या परदेशी खेळाडूंना त्यांनी आठवणी लिहून पाठवायला सांगितलं होतं, त्यातल्या एका म्हाताऱ्यानं कळवलं होतं: ‘चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तुमच्या टेकडीवर आमच्या आधी एक मुलगी उडाली होती. आम्ही वर रांगेत होतो, वरून उतार दिसत नाही. पण खालून लोकांचा एकच आवाज आला आणि मग सगळं चिडीचूप झालं. ती मुलगी कोण होती आणि किती लांब गेली, हे मला जन्मभर कुणी सांगितलं नाही.’

“तुम्ही त्या वर्षी शेवटच्या पाट्यांवर होता,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला काही आठवतंय का?”

मापाड्यानं पत्र हातात घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाला, खूप वर्षं झाली, आता नाही आठवत.

बाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी पानं पिशवीत घातली, आभार मानले आणि गेल्या. पत्राची एक प्रत मात्र टेबलावर राहिली. मापाडी तिच्यापुढे बसून राहिला. बायको दोनदा येऊन जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा तिनं बोलावलं नाही, नुसती दारात उभी राहिली आणि तिनं विचारलं की कुणी गेलं का. तो म्हणाला, “नाही. कुणी गेलं नाही.”

ती मुलगी त्याची धाकटी बहीण होती.

बाप सुतार होता. टेकडीवरचा मनोरा त्यानंच उभा केला होता आणि दर उन्हाळ्यात त्याच्या फळ्या बदलायचं काम त्याच्याकडेच असे. घरात स्की बनत, त्यामुळे पोरांना चालण्याआधी घसरता यायला लागलं. थोरला, म्हणजे मापाडी, बेताचा निघाला. मनोऱ्यावर चढला की तसाच पायऱ्यांनी खाली यायचा. धाकटी मात्र सहाव्या वर्षी कोठाराच्या छपरावरून उडी मारून मोकळी झाली. हातापायांच्या नुसत्या काड्या, आणि कुठून कुठं उडेल त्याचा नेम नाही, म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं नाकतोडी. ते नाव सगळ्या गल्लीनं उचललं, आणि पुढं लग्नाच्या वेळी नवऱ्याच्या घरच्यांना तिचं खरं नाव मुद्दाम सांगावं लागलं.

पंधराव्या वर्षापासून ती लहान टेकडीवर पोरांच्या बरोबरीनं उडत होती आणि निम्म्या पोरांच्या पुढं जात होती. तिथवर कुणाची हरकत नव्हती. पण मोठ्या टेकडीवर बायकांना बंदी होती. उतरतानाचा धक्का बाईच्या शरीराला सोसत नाही, पोटातले अवयव जागचे हलतात, असं डॉक्टर लोक लिहीत. नाकतोडी म्हणे, मग आईनं पाण्याच्या कावडी वाहून वाहून पाच बाळंतपणं कशी काढली, ते त्या डॉक्टरांना विचारा. आई म्हणायची, जिभेला काही हाड आहे का तुझ्या. पण हसायची.

विसाव्या वर्षी नाकतोडीनं आंतरराष्ट्रीय मंडळाला पत्र लिहिलं. बायकांची वेगळी स्पर्धा ठेवा, निदान एकदा करून बघा. उत्तर आलं ते दोन ओळींचं: एवढ्या मोठ्या टेकडीवर बाईनं मारलेल्या उडीची एकही अधिकृत नोंद नाही आणि नोंदीशिवाय विचार करता येत नाही. ते उत्तर तिनं भावाला दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे उडी मारायची परवानगी नाही कारण नोंद नाही, आणि नोंद नाही कारण परवानगी नाही. दोघंही पोट धरधरून हसली होती.

पुढच्याच हिवाळ्यात तिला वाट सापडली. स्पर्धेआधी घसरणीचा मार्ग घट्ट व्हावा आणि वेग किती येतो ते पंचांना कळावं म्हणून तीन-चार जण नुसत्याच उड्या मारतात. त्यांना गुण नसतात, छातीवर नंबर नसतो, पण त्यांचा आकडा पुकारला जातो आणि पंचांच्या कागदावर चढतो. गावात त्यांना ‘आधीचे’ म्हणत. त्या वर्षी सकाळपासून वारा होता. आधीच्यांपैकी एकाचा घोटा मुरगळला, दुसरा वारा बघून खाली उतरला. स्पर्धा सुरू करायला माणूस हवा होता. नाकतोडी स्की खांद्यावर घेऊन स्पर्धेच्या सचिवापुढे जाऊन उभी राहिली. परदेशी निरीक्षक खाली खोलीत शेगडीपाशी होता. सचिवानं इकडं तिकडं पाहिलं आणि कानटोपी खाली ओढ म्हणाला.

वर जाण्याआधी ती भावाकडे आली. मापाडी शेवटच्या पाट्यांवर होता, अठ्ठ्याहत्तरपासून पुढं. तिथवर सहसा कुणी येत नसे, म्हणून तिथं सगळ्यांत तरुण माणसाला उभं करत. त्या टेकडीवर तोवर ऐंशी मीटर कुणी ओलांडले नव्हते.

“दादा,” ती म्हणाली, “जेवढी पडेल तेवढी सांग. माझी म्हणून जास्त नको, आणि माझी म्हणून कमी नको.”

तो म्हणाला, हे काय सांगायला हवं.

ती गेली आणि पाठोपाठ सचिव आला. बर्फात धापा टाकत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलला. आधीची म्हणून ती उडते आहे ते ठीक, वाट करायला कुणीतरी हवंच. पण तिचा आकडा पुकारायचा नाही. पुकारला तर तो कागदावर चढेल, निरीक्षक वाचेल, आणि पुढच्या वर्षी आपली स्पर्धा आंतरराष्ट्रीय यादीतून उडेल. गावाचं नाक कापलं जाईल. मग जाता जाता, जसं काही आत्ताच आठवलं अशा आवाजात, तो म्हणाला, “तुझा परवान्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. सही करायचीय त्याच्यावर.”

परवाना मिळाला की परदेशी स्पर्धांना मापक म्हणून जाता येणार होतं. मापाडी काही बोलला नाही. नंतर तो स्वतःला सांगायचा की मी हो म्हटलंच नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं.

वरून झेंडा हलला. नाकतोडी टोकावरून सुटली आणि त्याला पहिल्या क्षणी कळलं की ही उडी वेगळी आहे. इतर माणसं हवेत गेली की हात फिरवून तोल सावरतात. ती हललीच नाही. वाऱ्यावर कुणीतरी फळी ठेवून द्यावी तशी ती आडवी राहिली, साठच्या पाटीवरून गेली, सत्तरच्या गेली, अजून वरच होती. पाऊणशेच्या पाटीपाशी उभा असलेला मापक मान वळवून बघत राहिला. मग ती त्याच्यासमोर उतरली, एक पाय पुढं, एक मागं, गुडघा वाकवून, शिकवणीच्या पुस्तकातल्या चित्रासारखी. डावा पाय ब्याऐंशीवर, उजवा एक्क्याऐंशीवर. साडेएक्क्याऐंशी. इतकं स्वच्छ माप त्याला पुढं तीस वर्षांत फार वेळा दिसलं नाही.

खालची माणसं ओरडली. आणि मग सगळे आकड्याची वाट बघत गप्प झाले.

मापाड्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. ते त्यानं बाहेर काढले नाहीत. शेजारच्या मापकानं त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत राहिला. उतार दाबणारी माणसं स्की आडव्या करून आली आणि तिच्या खुणांवरून चालत गेली. अर्ध्या मिनिटात तिथं सपाट बर्फ होता. लाऊडस्पीकरवरून पहिल्या स्पर्धकाचं नाव पुकारलं गेलं. नाकतोडी खालच्या मैदानात स्की काढून हातात धरून उभी होती, मान वर करून. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं, कारण त्यानं तिकडं पाहिलं नाही. त्या दिवशी जिंकणारा साडेएकोणऐंशीवर उतरला. मापाड्यानं हात वर केला आणि आकडा खणखणीत आवाजात सांगितला.

एवढं झालं असतं तरी कदाचित पुढं काही मार्ग निघाला असता. पण संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात ती बूट काढत बसली होती. बाप बाहेर होता, आई चुलीपाशी. तिनं खाली मान घालूनच विचारलं, “किती होती?”

आणि तो म्हणाला, “दिसलं नाही गं. नेमका वारा आला, डोळ्यांत बर्फ गेला.”

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “असू दे, दादा.” आणि बुटांची ओली नाडी सोडवायला लागली.

परवाना महिन्याभरात आला. नाकतोडीनं त्या हिवाळ्यानंतर मोठ्या टेकडीचं नाव काढलं नाही. पत्रंही लिहिली नाहीत. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, ती दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात गेली, तिथं शाळेची बस चालवायला लागली आणि एकतीस वर्षं चालवली. बहीणभावाच्या संबंधांत काही बिघडलं नाही. लग्नकार्यात भेटत, आजारपणात धावून येत. उलट नाकतोडी चारचौघांत सांगायची की माझ्या दादासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं. प्रत्येक वेळी मापाडी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावायचा. तिला कळलं आहे आणि ती टोचून बोलते आहे, की तिला काहीच कळलेलं नाही, याचा उलगडा त्याला कधी झाला नाही. विचारायची छाती झाली नाही. मूग गिळून बसायची एकदा सवय झाली की तोंड उघडणंच विचित्र वाटायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी, दोन हजार चौदा साली, ऑलिंपिकात पहिल्यांदा बायकांच्या उड्या झाल्या, तेव्हा त्यानं दूरदर्शन संच बंद करून टाकला होता. बायकोला वाटलं, डोळे दुखत असतील.

आता त्यानं माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. मापक स्वतःपुरती खिशात एक वही ठेवतात. त्या वर्षीची वही सापडली. वर तारीख, वारा, बर्फ कसा आहे ते, मग आधीचे. एका नावापुढं अडुसष्ट. दुसऱ्या ओळीत नाव नाही, नुसती आडवी रेघ. तीही त्यानंच ओढलेली. पेन्सिलीची ती रेघ इतकी फिकट झाली होती की तिच्यावर त्याच जातीच्या पेन्सिलीनं आकडा लिहिला तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यानं पेन्सिल घेतलीही. आकडा खराच होता. खोटं काहीच लिहायचं नव्हतं. पण छत्तीस वर्षं दुकानदार त्याला हेच सांगत आले होते, साहेब, वजन खरंच आहे, शिक्का तेवढा मागाहून मारलाय. त्यानं अशा लोकांना दंड केला होता. त्यानं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो बहिणीकडे गेला. न कळवता गेला, त्यामुळे दार उघडताच तिनं पहिला प्रश्न केला तो वहिनी बरी आहे ना. बरी आहे म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, मग नवरा-बायकोत वाजलं असेल. नाकतोडी आता पासष्टची होती, अंगानं भरली होती आणि डाव्या गुडघ्यानं जरा लंगडत होती. नवरा वारून तीन वर्षं झाली होती. टेबलावर शिवणाचं यंत्र मांडलेलं होतं आणि पडद्याचं कापड जमिनीपर्यंत आलं होतं. तिनं चहा टाकला. मापाड्यानं तो होईपर्यंतही दम धरला नाही.

त्यानं सगळं सांगितलं. सचिव, परवाना, खिशातले हात, रेघ. बर्फ डोळ्यांत गेला नव्हता हेही सांगितलं. तो बोलत होता तोवर ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. चहा उतू गेला तेव्हा तिनं तो उतरवला, फडकं घेऊन ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं. मग वळली.

“किती म्हणालास?”

“साडेएक्क्याऐंशी.”

“अर्धा नक्की?”

“डावा ब्याऐंशीवर होता, उजवा एक्क्याऐंशीवर.”

ती खुर्चीवर बसली. मापाड्याला वाटत होतं ती रडेल किंवा घराबाहेर काढील, आणि दोन्हीची त्यानं येताना गाडीत तयारी केली होती. तिनं यातलं काही केलं नाही. ती बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी रोजचा होता, पण शब्द एकेक करून येत होते.

“मला वरून सुटले तेव्हाच वाटलं होतं, ही लांब जाणार. खाली आले तर कुणी आकडाच सांगेना. मग घरी तू म्हणालास, दिसलं नाही. मला तेव्हा काय वाटलं माहीत आहे तुला? मला वाटलं, उडी आखूड पडली, लोक ओरडले ते मुलगी उडाली म्हणून. साठ-बासष्ट. तुझ्या पाट्यांपर्यंत आलेच नाही, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दादा बर्फाचं खोटं सांगतोय.”

मापाडी तिच्याकडे बघतच राहिला.

“म्हणून परत विचारलं नाही,” ती म्हणाली. “लाज वाटली. एवढी पत्रं लिहिली, एवढ्या गमजा मारल्या, आणि वेळ आली तेव्हा साठ मीटर. हवेत होते तेव्हा माझं मलाच कळलं नाही, असं समजले मी. आपल्या अंगाचा अंदाजच चुकतो म्हटल्यावर पुन्हा त्या मनोऱ्यावर कोण चढेल? आणि तू कुणाला बोलला नाहीस, पोटात ठेवलंस, म्हणून मी तुला…”

पुढचं ती बोललीच नाही. पण मापाड्याला ते ऐकू आलं. लग्नकार्यांतून, सगळ्यांसमोर, तिनं त्याचे गोडवे गायले होते ते आठवले आणि प्रत्येक वेळचा पाण्याचा पेला आठवला. ती टोचून बोलत नव्हती. ती खरंच उपकार मानत होती.

तो म्हणाला, मी आजच बाईंना लिहून देतो, सहीनिशी, पुस्तकात छापून येईल, मंडळालाही कळवू. चोवीस सालच्या त्या माणसाला पन्नास वर्षांनी पदक मिळालंच की. तो भराभर बोलत राहिला, कारण थांबला तर तिच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं असतं.

“लिही तुला लिहायचं तर,” नाकतोडी म्हणाली. “मला कागदाचं फार नाही रे, दादा. सचिवापुढं तुला हात वर करवला नाही, ते मी समजू शकते. पंचवीस वर्षांचा होतास, घाबरलास. पण संध्याकाळी घरी तर सचिव नव्हता. तिथं मी होते आणि आई होती. हळूच कानात सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी कुणाला बोलले नसते. मला फक्त माहीत हवं होतं.”

चव्वेचाळीस वर्षांत त्यानं सचिवाची सगळी उत्तरं तयार केली होती, मंडळाची केली होती, परवान्याचीसुद्धा केली होती. स्वयंपाकघराचं उत्तर त्यानं कधी शोधलंच नव्हतं, कारण तिथं काही विचारलं गेलंय असंच त्याला वाटलं नव्हतं.

तिनं त्याला जेवायला वाढलं. दोघं जेवली. पडदे थोरल्या मुलीच्या नव्या घरासाठी आहेत असं तिनं सांगितलं, त्यानं कापड चांगलं आहे म्हटलं. दुपारच्या गाडीला ती त्याला सोडायला दारापर्यंतच आली. गुडघा दुखतोय म्हणाली. खरंच दुखत असेल.

घरी आल्यावर मापाड्यानं तीन पानांचं निवेदन लिहिलं, सही केली आणि ग्रंथपालबाईंच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. वाचून झाल्यावर त्या पहिल्यांदा त्याला काका म्हणाल्या, “काका, बसा जरा.” त्यांनी मनापासून खटपट केली. पण पुस्तकाच्या समितीत पाच जण होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चोवीस सालच्या पदकाला कागद होता, कागदावर बेरीज होती, ती कुणालाही पुन्हा करून बघता येत होती. इथं कागदावर रेघ आहे. सांगणारा एकटा, तोही सख्खा भाऊ, तोही चव्वेचाळीस वर्षांनी. शेजारचा मापक जिवंत नाही, सचिव जिवंत नाही. उद्या कुणीही उठेल आणि आपल्या बहिणीची उडी सांगेल. मापाडी स्वतः त्या समितीत असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं, आणि हे त्यानं बाईंना सांगितलं.

मग त्यानं स्वतःचं प्रकरण परत मागितलं. बाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय हे लिहिणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. तो म्हणाला, निदान ते शेवटचं वाक्य तरी काढा. ते त्यांनी काढलं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात एकशे बाराव्या पानावर बारीक अक्षरांत तळटीप होती: ‘या वर्षी स्पर्धेआधी एका स्थानिक तरुणीने चाचणीची उडी मारल्याचे सांगितले जाते. अंतराची नोंद नाही.’ शेजारच्या पानावर मापाड्याचा फोटो होता, हात वर केलेला.

त्यानं एक प्रत बहिणीला पाठवली. पाठवावी की नाही यावर बायकोशी आठवडाभर वाद झाला. बायकोला आता सगळं माहीत होतं. ती म्हणाली, जखमेवर मीठ कशाला चोळता. तो म्हणाला, लपवायचं आता काही नको. पोच आली नाही. महिना गेला, दोन महिने गेले. मग एका दुपारी फोन आला.

नाकतोडीनं आधी वहिनीची चौकशी केली, मग त्याच्या रक्तदाबाची. पुस्तक मिळालं म्हणाली. फोटोत तू बारीक दिसतोस म्हणाली.

“मुलींना सांगितलं मी,” ती म्हणाली. “दोघींना समोर बसवून सांगितलं. साडेएक्क्याऐंशी. धाकटी रडायला लागली. थोरलीनं विचारलं, मग मामा बोलला का नाही. मी म्हटलं, ते मला विचारू नकोस.”

मापाड्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण माफ कर एवढे दोनच शब्द येत होते, आणि ते तो तिच्या घरी तीन-चारदा बोलून चुकला होता.

“दादा, काही दिवस तू फोन करू नकोस,” ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. “मला जरा ते सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवून बघायचंय. मोठा काळ आहे. वाटलं की मीच करीन.”

तो बरं म्हणाला. तिनं फोन ठेवला.

त्याला आता आठ महिने झाले. मध्यंतरी थोरल्या भाचीच्या नव्या घराची वास्तू झाली. आमंत्रण आलं, त्यावर नाव दोघांचं होतं, पण बायको एकटी जाऊन आली. पडदे फार छान दिसतात, असं तिनं येऊन सांगितलं.